धरणाकाठाने घाटमाथ्याकडे

आमच्या जुन्नरला समुद्र नाही, पण काठ भरपूर आहे. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत आहेत. यांतल्या बहुतेकांचे पाणी डोंगराच्या खाचाखाचांत शिरलेले आहे. त्यामुळे पश्चिमेकडे जाणारा रस्ताही पाण्याबरोबर आत-बाहेर वळत राहतो. आणि शेवटी तो येऊन थांबतो तो खऱ्याखुऱ्या कड्यावर. नाणेघाटात किंवा आहुप्याला उभे राहा, पायाखाली कोकण पसरलेले असते. समुद्र दिसत नाही, पण त्याच्याकडून निघालेला वारा तोंडावर येतो.

२०१८ साली राज्य सरकारने जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केले. मोटारी वाढल्या. त्यांच्या गर्दीत जाड टायरच्या, गिअरच्या सायकली घेऊन आलेली पुण्या-मुंबईची मुलेही दिसतात. माउंटन बाइक, म्हणजे डोंगरातली सायकल. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या काही हौशी मंडळींनी १९७०च्या दशकात जुन्या दणकट सायकली डोंगरावरून खाली सोडल्या, त्यातून ही जात जन्माला आली. आपल्याकडे मात्र सायकल डोंगरात गेली ती हौसेने नव्हे, पोटासाठी. आम्ही मणियार. माझे अब्बा काळ्या ॲटलस सायकलच्या कॅरिअरला बांगड्यांची पेटी बांधून वाड्या-वाड्यांवर जात. चढ आला की उतरायचे आणि सायकल ढकलायची. मला लहानपणी वाटे, सायकल म्हणजे अर्धी बसायची आणि अर्धी ढकलायची वस्तू.

ते ढकलणे का होते, हे गिअर समजला की कळते. अब्बांच्या सायकलसारख्या साध्या सायकलला पुढच्या चक्राला साधारण ४४ दाते आणि मागच्याला १८. पायडलचा एक फेरा मारला की मागचे चाक जवळजवळ अडीच फेरे फिरते आणि सायकल पाच मीटरच्या पुढे जाते. सपाटीवर हे उत्तम. चढावर मात्र एकाच फेऱ्यात माणूस, सायकल आणि पेटी पाच मीटर वर ओढायची, म्हणजे मांड्या भरून येणारच. डोंगरी सायकलला पुढे २२ दात्यांचे छोटे चक्र आणि मागे ३४ दात्यांचे मोठे चक्र लावता येते. एका फेऱ्याला चाक पुरता एक फेराही फिरत नाही, सायकल जेमतेम सव्वा मीटर सरकते. मेहनत तीच, पण ती चार हप्त्यांत फेडायची. माझ्यासारखा पन्नाशी ओलांडलेला, गुडघे कुरकुरणारा माणूस आज चढ चढतो तो या हप्त्यांवर.

दुसरी गोष्ट टायरची. रुंद टायरात हवा थोडी कमी ठेवली, तर तो खडीवर उड्या मारत नाही, जमिनीला धरून राहतो. आमच्या मुरमाच्या वाटांना हे फार मानवते. मात्र ओल्या काळ्या मातीपुढे कुठलाच टायर टिकत नाही. ती चाकाला थापली जाते, ब्रेकमध्ये भरते आणि सायकल जागच्या जागी उभी राहते. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे, सोडून-धरून वापरावेत. नुसता पुढचा करकचून दाबला, तर माणूस सायकलच्या आधी खाली पोचतो.

आता वाटा सांगतो. पहिली अर्थातच नाणेघाटाची. जुन्नरहून आपटाळे, चावंड, पूर करत घाटघर, आणि तिथून घाटाचे तोंड. अंतर तीस-पस्तीस किलोमीटर. बराच वेळ माणिकडोहचे पाणी सोबतीला असते. चावंड किल्ल्याच्या पायथ्याला एक दम खावा, दुसरा पूरच्या कुकडेश्वराच्या देवळापाशी. कुकडी नदी याच भागात उगम पावते. हा रस्ता नवा वाटला, तरी दिशा दोन हजार वर्षांची आहे. सोपारा आणि कल्याण या बंदरांतला माल नाणेघाटाने वर चढून जुन्नरला यायचा आणि पुढे पैठणकडे जायचा. घाटातल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञात दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. आपल्या अंकांचे फार जुने नमुने म्हणून जगभरचे अभ्यासक या लेखाकडे पाहतात. बाहेर दगडाचा मोठा रांजण आहे. जकात त्यात टाकत, असे सांगतात.

जुन्नरच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी आहेत. शिवनेरीवरच्या एका लेखात इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परदेशी माणसाने, पाण्याच्या दोन पोढी दान दिल्याची नोंद आहे. मूर्ती नाही, महाल नाही, पाणी! चढ चढून घसा कोरडा पडला की त्या इरिलची निवड किती शहाणी होती ते कळते. नाणेघाटात सायकल मात्र माथ्यावरच ठेवावी. खालची दगडी वाट पायांसाठी आणि बैलांच्या खुरांसाठी होती.

दुसरी वाट पिंपळगाव जोगे धरणाची. माळशेज घाटाच्या हमरस्त्यावर खुबी फाटा लागतो. तिथून धरणाच्या भिंतीवरून हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या खिरेश्वरला जाता येते. ओळीने सपाट, एका हाताला पाणी, समोर गड. हिवाळ्यात पक्षी पाहायचे असतील, तर इथेच या. नवख्या माणसाने सुरुवात इथून करावी. पण हमरस्त्यावर सायकल चालवत इथवर येऊ नये. तिथे ट्रक कुणासाठी थांबत नाहीत. सायकल गाडीवर घालून फाट्यापर्यंत आणा.

तिसरी वाट आंबेगावची, आणि माझी सर्वांत लाडकी. घोडेगावहून डिंभे आणि तिथून धरणाच्या काठाकाठाने आहुपे. तालुक्याचे नाव ज्या गावावरून पडले, ते जुने आंबेगाव या पाण्याखाली आहे. म्हणजे आपण ज्याला सुंदर जलाशय म्हणतो, तो कुणाचा तरी ओटा, कुणाचे खळे आहे. काठावरच्या वाड्या बहुतेक महादेव कोळी समाजाच्या. भातशेती आणि हिरडा यांवर त्यांचे घर चालते. झाडावरून काढलेला कोवळा बाळहिरडा अंगणात, कधी रस्त्याच्या कडेलाच वाळत घातलेला असतो. त्यावरून टायर गेला, तर कुणाच्या तरी वर्षाच्या तेल-मिठावरून जातो. तिथे उतरावे.

एका अशाच चढावर मी दम लागून सायकल ढकलत होतो. हिरडा वाळवणारी एक म्हातारी बघत होती.

"दादा, ढकलायचीच व्हती तं आणली कशाला?"

"आजी, उतारासाठी आणली."

"उतार मंग फुकाट हाय व्हय? त्यो चढ चढल्याबिगर येत न्हाई."

पाणी तिनेच दिले. पैसे घेतले नाहीत, पण नातीच्या हातची भाकरी-चटणी विकत घ्यायला लावली. सायकलवाल्यांना एवढेच सांगेन की पुण्याहून डबे बांधून आणू नका. इथे खा. रस्ता ज्यांच्या दारातून जातो, त्यांच्या घरात चार पैसे पडू द्या.

याच वाटेच्या आसपास माळीण आहे. ३० जुलै २०१४च्या सकाळी डोंगर खाली आला आणि गावातली १५१ माणसे गेली. बाहेर पहिली बातमी दिली ती नेहमीची फेरी घेऊन आलेल्या एसटीच्या चालकाने. रोजच्या जागी गाव दिसेना. उरलेल्यांसाठी जवळच आमडे इथे नवे गाव वसवले गेले. पावसाळ्यात हिरवाईचे फोटो काढायला जे इथे येतात, त्यांनी हे समजून घ्यावे. खाली काळा कातळ, त्यावर मुरूम आणि मातीचा थर. संततधार पावसाने हा थर पाणी पिऊन जड होतो आणि कातळावरून सुटतो. रस्त्यासाठी वा सपाटीकरणासाठी उताराचा पायथा कापलेला असेल, तर त्याला आधारही उरत नाही. झरा एकाएकी गढूळ झाला, नव्या जागी पाणी फुटले, झाडे वा विजेचे खांब कलले, जमिनीला लांब भेग पडली, तर सायकल वळवा आणि वाटेत भेटेल त्या गावकऱ्याला सांगा. जुलै-ऑगस्टच्या मुसळधार दिवसांत मी स्वतः या वाटेला जात नाही.

आहुप्याची देवराई पायी पाहावी. पुढे भीमाशंकरचे अभयारण्य १९८५पासूनचे आहे. तिथला शेकरू चाकाच्या आवाजाने पळतो. डांबरी सोडून जंगलाच्या पायवाटेवर सायकल घालायची तर वनखात्याला विचारावे. नव्या चाकोरीत पावसाचे पाणी धरते, चाकोरीची घळ होते आणि पायवाट जाते.

पूर्वेकडचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो सोपा आहे. नारायणगावहून खोडदला जा. द्राक्षे, टोमॅटो, ऊस, आणि मधूनच आकाशाकडे तोंड करून बसलेल्या ४५ मीटर व्यासाच्या प्रचंड तबकड्या. ही जीएमआरटी रेडिओ दुर्बीण. अशा एकूण ३० तबकड्या या परिसरात पसरल्या आहेत. मोबाइलच्या लहरींनी त्यांच्या कामात व्यत्यय येतो, म्हणून जवळ जाताना फोन बंद ठेवावा. सायकल त्यांना चालते, ती काही बोलत नाही.

लोक मला विचारतात, घाटातल्या जंगलात बिबट्याची भीती नाही का? बिबट्या आज जास्त करून या पूर्वेकडच्या उसात आहे. धरणे झाली, कालवे आले, कालव्यांवर ऊस आला, आणि वर्षभर उभ्या असलेल्या त्या दाट उसाला बिबट्याची मादी जंगल समजून तिथेच विते. माणसांवर हल्ले झाले आहेत, मुले गेली आहेत. ज्या घरात असे झाले, तिथे माणिकडोहच्या निवारा केंद्राचे कौतुक सांगायला जीभ रेटत नाही. सायकलवर वाकलेला माणूस बिबट्याला उभ्या माणसाएवढा उंच दिसत नाही. म्हणून ऊस असलेल्या रस्त्यावर पहाटे अंधारात आणि तिन्हीसांजेनंतर सायकल नकोच. चार जण एकत्र असावेत, घंटी वाजती असावी, आणि कुत्री एकदम गप्प झाली तर थांबून कानोसा घ्यावा.

वेळ कोणती धरावी? ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंत हवा सर्वांत चांगली. मार्च-एप्रिलातही जमते, पण तेव्हा वाऱ्याचा हिशेब करावा. दुपारनंतर वारा पश्चिमेकडून घाटमाथा ओलांडून येतो. म्हणून नीट उजाडल्यावर, वारा पडलेला असताना नाणेघाटाकडे निघावे, ऊन घाटघरच्या सावलीत काढावे, आणि चारला परत फिरावे. तोवर वारा पाठीशी आलेला असतो. आपटाळ्यापर्यंत पायडल अगदी हलके जाते, आणि अंधार पडायच्या आत जुन्नर येते.