खेळ घरोघरी, आपल्या भाषेत

९ मार्च १९९६. बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर विश्वचषक क्रिकेट स्पर्धेतील भारत आणि पाकिस्तान यांच्यातील उपान्त्यपूर्व सामना रंगला होता. नवज्योतसिंग सिद्धूने ९३ धावा काढल्या, अजय जडेजाने अखेरच्या षटकांत २५ चेंडूंत ४५ धावा फटकावल्या आणि याच शहराचा वेंकटेश प्रसाद याने आमिर सोहेलचा त्रिफळा उडवला. भारत ३९ धावांनी जिंकला. मैदानात मावले ते काही हजार प्रेक्षक. परंतु देशभरातील कोट्यवधी लोकांनी हा सामना पाहिला तो घरात, शेजाऱ्याकडे किंवा दुकानाबाहेर उभे राहून, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर.

त्या स्पर्धेचे चित्रण जगभर दाखवण्याचे हक्क विकत घेणारे उद्योजक मार्क मस्कारेन्हास हेही बेंगळुरूतच वाढलेले होते. त्यांच्या वर्ल्डटेल या कंपनीने हे हक्क सुमारे एक कोटी डॉलरना घेतले, तेव्हा अनेकांना हे धाडस वाटले. खेळ मैदानावर होतो, पण त्याची कमाई पडद्यावर होते, हे त्यांनी ओळखले होते. या पाठात आपण तीन प्रश्नांची उत्तरे शोधणार आहोत. खेळाचे चित्र आपल्या घरापर्यंत कसे येते? त्याचे पैसे कोण देतो? आणि खेळाच्या वाहिन्या प्रादेशिक भाषांत का बोलू लागल्या?

तबकडी आणि तार

१९९० पर्यंत भारतात घरोघरी दिसणारी वाहिनी म्हणजे दूरदर्शन. १९९१ मध्ये स्टार टीव्हीचे उपग्रह प्रक्षेपण सुरू झाले आणि त्यात प्राइम स्पोर्ट्स ही खेळांची वाहिनी होती. १९९६ मध्ये तिचे नाव स्टार स्पोर्ट्स झाले. त्याआधी १९९५ मध्ये ईएसपीएन ही वाहिनीही भारतात आली होती. टेन स्पोर्ट्स २००२ मध्ये सुरू झाली.

उपग्रहाकडून येणारे संकेत टिपण्यासाठी मोठी तबकडी लागे. ती प्रत्येकाने घेणे शक्य नव्हते. म्हणून बेंगळुरू, मुंबई, पुणे अशा शहरांतील वस्त्यांमध्ये होतकरू तरुणांनी गच्चीवर तबकडी बसवली आणि एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर तारा ओढून घरोघरी जोडणी दिली. हाच आपल्या परिचयाचा केबलवाला. फारसे भांडवल नसताना उभा राहिलेला हा स्वयंरोजगार होता. या व्यवसायाला कायद्याची चौकट मिळाली ती १९९५ च्या केबल दूरचित्रवाणी जाळे नियमन अधिनियमामुळे.

आकाशावर मालकी कोणाची?

१९९३ मध्ये बंगाल क्रिकेट संघटनेने भरवलेल्या हीरो चषक स्पर्धेच्या वेळी एक मूलभूत वाद उभा राहिला. सामने दाखवण्याचे हक्क संघटनेने एका परदेशी संस्थेला दिले होते. प्रक्षेपणाचा अधिकार केवळ आपलाच, असे सरकारी यंत्रणेचे म्हणणे होते. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, आणि तिचा वापर लोकहितासाठी नियमनाखाली व्हावा. या निकालानंतर खेळांच्या संघटनांना आपल्या सामन्यांचे हक्क जास्तीत जास्त बोली लावणाऱ्याला विकण्याचा मार्ग मोकळा झाला.

परंतु त्यातून नवा प्रश्न निर्माण झाला. ज्याच्या घरी केबल नाही, त्याने देशाचा सामना पाहायचाच नाही काय? यावर उपाय म्हणून २००७ मध्ये संसदेने एक कायदा केला. सरकारने राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून घोषित केलेल्या क्रीडाप्रसंगांचे चित्रण खासगी वाहिनीने प्रसार भारतीला देणे त्यानुसार बंधनकारक झाले. दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या उत्पन्नातील किमान ७५ टक्के वाटा हक्कधारकाचा आणि उरलेला प्रसार भारतीचा, अशी तरतूद करण्यात आली. सार्वजनिक हित आणि व्यापारी हक्क यांचा मेळ घालण्याचा हा प्रयत्न होता.

हक्कांचा बाजार

१८ एप्रिल २००८ रोजी इंडियन प्रीमियर लीगचा पहिला सामना बेंगळुरूतच झाला. कोलकाता संघाच्या ब्रेंडन मॅकलमने त्या रात्री नाबाद १५८ धावा केल्या. या स्पर्धेने संघांना शहरांची नावे दिली आणि शहराचा अभिमान हाही विकाऊ झाला.

हक्कांच्या किमती किती वाढल्या, ते पाहा. २०१८ ते २०२२ या पाच वर्षांसाठी या स्पर्धेचे सर्व माध्यमांचे हक्क स्टार इंडियाने १६,३४७.५ कोटी रुपयांना घेतले. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी भारतातील केवळ दूरचित्रवाणीचे हक्क २३,५७५ कोटी रुपयांना गेले. हा लिलाव ४१० सामने गृहीत धरून झाला होता. भागाकार केला तर एका सामन्याची किंमत ५७.५ कोटी रुपये होते. इतकी रक्कम वसूल करायची तर वाहिनीपुढे मुख्यतः दोनच वाटा असतात: जाहिरात आणि ग्राहकाची वर्गणी. दोन्हींसाठी प्रेक्षकांची संख्या वाढवावी लागते. आणि ही संख्या वाढवण्याचा एक खात्रीचा मार्ग म्हणजे प्रेक्षकाशी त्याच्या भाषेत बोलणे.

भाषा हाच प्रदेश

आपल्या भाषेतील समालोचन ही काही नवी गोष्ट नाही. मराठी श्रोत्यांना आकाशवाणीवरील बाळ ज. पंडित आणि वि. वि. करमरकर यांचे धावते वर्णन आठवत असेल. चित्र नसतानाही ते शब्दांनी मैदान उभे करीत. मात्र उपग्रह वाहिन्या आल्यावर खेळाची भाषा प्रामुख्याने इंग्रजी आणि पुढे हिंदी झाली.

बदल घडला तो २०१० नंतरच्या दशकात. मे २०१७ मध्ये स्टार स्पोर्ट्सची तमिळ वाहिनी सुरू झाली. २०१८ च्या आयपीएल हंगामात सहा भाषांत समालोचन झाले. त्यांत कन्नड होती. त्याच वर्षाच्या अखेरीस स्टार स्पोर्ट्सची स्वतंत्र कन्नड वाहिनी आली. बेंगळुरूचे माजी कसोटीपटू विजय भारद्वाज यांच्यासारखे खेळाडू कन्नडमध्ये सामना समजावून सांगू लागले. चित्र तेच, मैदान तेच. पण बेंगळुरूतील रिक्षाचालकाला किंवा मंड्याच्या शेतकऱ्याला तो सामना अधिक आपला वाटू लागला.

यात व्यवसायाचे गणितही आहे. चित्रणाचा मोठा खर्च एकदाच होतो. त्याच चित्रावर दुसऱ्या भाषेचा आवाज चढवण्याचा खर्च त्या मानाने थोडा असतो. शिवाय कन्नड वाहिनीवर कर्नाटकापुरता व्यापार करणारा व्यापारीही जाहिरात देऊ शकतो. देशभराच्या जाहिरातीचा दर त्याला परवडला नसता.

क्रिकेटखेरीज इतर खेळांनाही या मार्गाचा लाभ झाला. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीग सुरू झाली. तिच्या पहिल्या आठ संघांत बेंगळुरू बुल्स हा एक होता. जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात या संघाने विजेतेपद मिळवले. मातीत खेळली जाणारी कबड्डी दिवसाच्या सर्वांत मोलाच्या वेळी पडद्यावर आली, याचे कारण वाहिनीला तिच्यात प्रेक्षक दिसला. एवढेच नव्हे, तर स्टार इंडियाने २०१५ मध्ये ही स्पर्धा चालवणाऱ्या कंपनीत बहुसंख्य भागभांडवलही घेतले. खेळ दाखवणारा आणि खेळ भरवणारा एकच असला, तर निर्णय कोणाच्या हिताचे होतील, हा प्रश्न जागरूक नागरिकाने विचारायलाच हवा.

दहा रुपयांचा प्रवास

आता आपल्या मासिक बिलाकडे वळू. वाहिनीपासून घरापर्यंत तीन पायऱ्या असतात. पहिली, वाहिनी चालवणारी कंपनी. दुसरी, अनेक वाहिन्यांचे संकेत एकत्र करणारा मोठा वितरक. त्याला व्यवसायात 'एमएसओ' म्हणतात. तिसरी, आपल्या गल्लीतील केबलचालक.

पूर्वी या साखळीत एक मोठी फट होती. तारेतून सर्व वाहिन्या सरसकट येत असल्याने नेमकी किती घरे जोडली आहेत, हे केबलचालकाखेरीज कोणालाच कळत नसे. अनेक ठिकाणी प्रत्यक्षापेक्षा कमी घरे दाखवली जात. वाहिनीला पुरेसे पैसे मिळत नसत आणि ग्राहकाला निवड मिळत नसे. यावर उपाय म्हणून सेट-टॉप बॉक्स आला. टप्प्याटप्प्याने सक्ती झाली आणि दुसऱ्या टप्प्यात, ३१ मार्च २०१३ या मुदतीने, बेंगळुरूसह ३८ शहरांचा समावेश झाला. या पेटीमुळे प्रत्येक जोडणीची मोजणी शक्य झाली.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजेच 'ट्राय'ची, नवी दररचना १ फेब्रुवारी २०१९ पासून अमलात आली. प्रत्येक वाहिनीची किंमत जाहीर करावी आणि ग्राहकाने हवी ती वाहिनी सुटी घ्यावी, हे तिचे मुख्य तत्त्व होते. ज्या वाहिनीची किंमत १९ रुपयांपेक्षा अधिक, ती एकत्रित संचात घालता येणार नाही, असेही ठरले.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका खेळवाहिनीची मासिक किंमत १० रुपये आहे. नियमानुसार वितरणाचे किमान २० टक्के, म्हणजे २ रुपये, वितरकाकडे राहतात. उरलेले ८ रुपये वाहिनीला जातात. वितरक आणि केबलचालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर त्या २ रुपयांची वाटणी ५५ आणि ४५ टक्के अशी होते: वितरकाला १ रुपया १० पैसे, केबलचालकाला ९० पैसे. कर वेगळा. पावसात खांबावर चढून तार जोडणाऱ्या माणसाच्या हाती दहा रुपयांतील नव्वद पैसे येतात. जोडणीच्या मूळ शुल्कात त्याला वेगळा वाटा असतो. तरीही त्याचे उत्पन्न किती नाजूक आहे, हे यावरून ध्यानात येईल.

दूरदेशीचा धडा

अमेरिकेतही प्रादेशिक क्रीडावाहिन्या आहेत, पण त्यांचा पाया निराळा आहे. तेथे प्रदेश ठरतो तो भाषेवरून नव्हे, तर संघाच्या शहरावरून. स्थानिक संघ आपल्या सामन्यांचे हक्क त्या भागातील वाहिनीला विकतो. ही वाहिनी केबलच्या मूळ संचात असल्याने खेळ न पाहणारी कुटुंबेही तिचे पैसे देत असत. वर्षानुवर्षे हा व्यवसाय भरभराटीस आला. परंतु २०१४ मध्ये लॉस एंजलिसच्या डॉजर्स या बेसबॉल संघाची नवी वाहिनी सुरू झाली, तेव्हा दरावरून तिचे आणि अनेक वितरकांचे पटले नाही. परिणामी त्याच शहरातील असंख्य घरांना आपल्याच संघाचे सामने जवळजवळ सहा वर्षे दिसले नाहीत. पुढे लोक केबल सोडून इंटरनेटकडे वळू लागले आणि अशा अनेक वाहिन्या चालवणारी डायमंड स्पोर्ट्स ही कंपनी मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली.

आपल्याकडेही वारे त्याच दिशेने वाहत आहेत. २०२३ च्या आयपीएल हंगामात जिओसिनेमाने मोबाइलवर बारा भाषांत सामने विनामूल्य दाखवले. त्यांत मराठीही होती. त्या हंगामात मराठी समालोचन करणारे केदार जाधव यांना मे महिन्यात बेंगळुरूच्या संघाने खेळाडू म्हणूनच बोलावून घेतले. मराठी समालोचनाच्या खुर्चीवरून एक खेळाडू थेट मैदानात उतरला. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टार इंडिया आणि व्हायकॉम १८ यांचे एकत्रीकरण पूर्ण झाले. आधी एकमेकांवर बोली लावणारे दोन मोठे स्पर्धक एक झाले.

आपण काय लक्षात ठेवावे?

खेळवाहिन्या आपल्या भाषेत बोलू लागल्या, ही आनंदाची गोष्ट आहे. इंग्रजी न येणाऱ्या माणसाला खेळातील बारकावे कळू लागले, हा त्याचा सन्मानच आहे. मात्र हा सन्मान व्यापाराच्या गणितातून आला आहे, हे विसरता कामा नये. जोपर्यंत आपल्या भाषेचा प्रेक्षक मोजला जातो, तोपर्यंतच ती भाषा पडद्यावर राहते. विनामूल्य दिसणारा सामनाही खरोखर फुकट नसतो. त्याची किंमत आपण जाहिराती पाहून किंवा इंटरनेटचे शुल्क भरून चुकवत असतो.

म्हणून पुढच्या वेळी केबलचे बिल हाती येईल, तेव्हा ते नुसते भरून बाजूला ठेवू नका. त्यातील कोणत्या वाहिन्या आपण खरोखर पाहतो, कोणत्या न मागता आल्या आहेत, सुट्या वाहिनीची किंमत किती आणि संचाची किती, हे तपासा. न पाहिलेली वाहिनी बंद करण्याचा आणि हवी ती मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. प्रक्षेपणाच्या लहरी जर सर्वांच्या मालकीच्या असतील, तर त्यांवर चालणाऱ्या व्यवहाराचा हिशेब समजून घेणे हे मालकाचे पहिले कर्तव्य होय.