आहाराचा धडा दुकानात

मधुमेह वा रक्तदाबाचे निदान झाले की 'गोड कमी करा, मीठ कमी करा' असा सल्ला मिळतो. घरातील साखरेचा डबा मग वरच्या फळीवर जातो. परंतु दुकानातून येणाऱ्या पुड्यांत दडलेल्या साखरेचे काय? आमच्याही घरी रक्तदाबाच्या रुग्णासाठी भाजी अळणी होई आणि चहासोबत खारी बिस्किटे मात्र नित्य असत.

म्हणूनच आहाराचे शिक्षण प्रत्यक्ष दुकानात द्यावे, हा विचार आम्हांस पटतो. अमेरिकेतील 'शेअर अवर स्ट्रेंग्थ' या १९८४ साली स्थापन झालेल्या संस्थेने 'कुकिंग मॅटर्स' उपक्रमात अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबांना मार्गदर्शकासह दुकानात फिरवले. वेष्टनावरील मजकूर कसा वाचावा, दोन पुड्यांचा भाव समान वजनावर कसा ताडावा, हे तेथेच शिकवले. अखेरीस कसोटी असे : १० डॉलरच्या आत चौघांचे सकस जेवण खरेदी करून दाखवा. गरिबाला 'फळे खा' सांगणे सोपे. ते त्याच्या पैशांत बसवून दाखवणे अवघड.

आपल्याकडेही वेष्टन बरेच सांगते. घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक आहे. दर्शनी बाजूस गव्हाच्या ओंब्यांचे चित्र असले, तरी यादीत पहिले नाव मैद्याचे असेल तर तो पदार्थ मुख्यत्वे मैद्याचाच होय. दर १०० ग्रॅममागे २५ ग्रॅम साखर लिहिली असेल, तर ती सुमारे पाच चमचे झाली. मिठाचा हिशेब किंचित फसवा आहे, कारण वेष्टनावर बहुधा सोडियमचा आकडा असतो. त्याला अडीचने गुणले की मीठ कळते : ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे.

अडचण भाषेची आहे. हा मजकूर बहुधा इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत असतो. स्वयंपाक करणाऱ्या आजीला तो वाचता येत नाही. तेव्हा शेजारच्या चार-पाच भगिनींनी महाविद्यालयात शिकणाऱ्या एखाद्या मुलीला सोबत घेऊन तासभर दुकानात जावे. नेहमीच्याच पाच वस्तू उचलून त्यांची मागची बाजू वाचावी. दुकानदारास गर्दी नसते, अशी दुपारची वेळ बरी. आणि चष्मा विसरू नये.