साठवण बदलल्यावर मंदावणारे वाचन

दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतून भिलाईच्या पोलाद कारखान्याकडे लोहखनिज नेणारी मालगाडी एका खेपेत हजारो टन माल पोचविते. पण तिच्या कुठल्याशा वाघिणीतला एक विवक्षित दगड तेवढा हवा असेल, तर या सामर्थ्याचा काडीचाही उपयोग नाही. संगणकाच्या साठवणयंत्रणेविषयी जे मोठमोठे आकडे सांगितले जातात ते बहुधा मालगाडीचे असतात. शब्दकोश, सूची वा संहितासंग्रह यांच्या डेटाबेसची मागणी मात्र एकेका दगडाची असते. नवी, महागडी साठवण घेऊनही शोध मंदावला, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा या गफलतीत सापडते.

हिशेब सोपा आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या चकतीस एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचनशीर्षाखाली येण्यास सरासरीने अर्धा फेरा जातो आणि शीर्ष योग्य वर्तुळावर नेण्यास आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेली वाचने सेकंदाला ऐंशीच्या आसपासच होणार. पोस्टग्रेस या डेटाबेसचे एक पान ८ किलोबाइटांचे असते. तेव्हा सेकंदाला हाती येणारा मजकूर जेमतेम ६४० किलोबाइट. तीच चकती सलग वाचली तर सेकंदाला १५० मेगाबाइट सहज देते. फरक दोनशे पटींहून अधिक, आणि यंत्र तेच! फिरत्या चकतीऐवजी स्थिर स्मृती वापरल्यास हा फेरा टळतो खरा. परंतु ती साठवण दूरच्या यंत्रावर, जाळ्यातून जोडलेली असेल, तर प्रत्येक पानामागे जाण्यायेण्याचा वेळ नव्याने पडतो.

सलग आणि विखुरलेले यांतील भेद भारतीय विद्येच्या अभ्यासकास अपरिचित नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने संस्कृतच्या ऐतिहासिक महाकोशाचे काम सुरू झाले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून एक कोटीच्या घरात चिठ्ठ्या निघाल्या, अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली १९७६ पासून खंड प्रसिद्ध होऊ लागले. चिठ्ठ्या काढल्या गेल्या ग्रंथक्रमाने आणि लावल्या गेल्या वर्णक्रमाने. एखाद्या शब्दाचे सर्व प्रयोग त्यामुळे एकाच ठिकाणी मिळतात. पण एकाच ग्रंथातील सर्व चिठ्ठ्या कुणी मागितल्या, तर खण न् खण धुंडाळावा लागेल. कपाटे कितीही उत्तम आणली तरी हा श्रम कमी होणार नाही, कारण अडचण कपाटांची नसून क्रमाची आहे.

म्हणून निदान करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात: एका शोधासाठी किती पाने वाचली गेली, आणि दर पानास किती वेळ लागला? पानांची संख्या पूर्वीइतकीच असून वेळ वाढला असेल तर दोष साठवणीकडे. समजा, दहा हजार शब्द एकामागून एक शोधायचे आहेत आणि प्रत्येकासाठी अनुक्रमणिकेची चार पाने ओळीने उतरावी लागतात. दर पानास ०.१ मिलिसेकंद लागत होता तेव्हा काम चार सेकंदांत होई. तो १ मिलिसेकंद झाला की चाळीस सेकंद. आधीचे पान हाती आल्यावाचून पुढचे कोणते हे कळत नाही, त्यामुळे रुंद वाहिनी येथे निरुपयोगी ठरते. उलट पानांचीच संख्या वाढली असेल, तर स्थलांतरात डेटाबेसची आकडेवारी पुसली जाऊन त्याने अनुक्रमणिका सोडून संपूर्ण तक्ता वाचावयास घेतला असण्याचा संभव मोठा. ती आकडेवारी पुन्हा गोळा करविली की बहुधा भागते. पहिल्या दिवसाच्या मोजणीवर मात्र विसंबू नये. नव्याने सुरू केलेल्या यंत्राची स्मृती रिकामी असते आणि नेहमीची पाने तीत जमेपर्यंत सारेच संथ चालते.

मंदपणा निदान दिसतो तरी. त्याहून घातक प्रकार दिसत नाही. मराठी वर्णमाला ह, ळ, क्ष, ज्ञ अशी संपते. युनिकोडच्या कोष्टकात ळ हा ल च्या लगत आहे आणि क्ष, ज्ञ यांना स्वतंत्र जागाच नाही. कोणता क्रम धरायचा हे अनेकदा यंत्रप्रणाली ठरविते. लिनक्समधील ‘जीलिबसी’ या पायाभूत संचाच्या २.२८ या आवृत्तीत, २०१८ साली, वर्णक्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. जुन्या यंत्रावरील पोस्टग्रेसच्या फाइली जशाच्या तशा नव्यावर ठेवल्या, तर अनुक्रमणिका जुन्या क्रमाने बांधलेली आणि शोध नव्या क्रमाने, अशी अवस्था उद्भवू शकते. मग संग्रहात असलेला शब्द ‘नाही’ असे उत्तर येते, तेही तत्परतेने. आणि एखाद्या शब्दाचा पहिला आढळ कोणत्या ग्रंथात, यावर मांडलेला सिद्धान्त त्या उत्तरावर उभा राहतो. साठवणीबरोबर यंत्रप्रणालीही बदलली असल्यास मजकुरावरील अनुक्रमणिका नव्याने बांधून घ्याव्या लागतात; तोवर नकारार्थी उत्तर ग्राह्य धरता येत नाही.