फुलपाखरांची नाती

दोन फुलपाखरांचे पंख सारखे दिसले, की ती एकाच कुळातील असावीत, असे सहज वाटते. हेन्री वॉल्टर बेट्स हा इंग्रज निसर्गाभ्यासक १८४८ पासून १८५९ पर्यंत दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन नदीकाठच्या अरण्यांत कीटक गोळा करीत हिंडला. तेथे लांबट पंखांच्या, संथ उडणाऱ्या फुलपाखरांचे थवेच्या थवे त्याने पाहिले. त्यांची चव पक्ष्यांना रुचत नसावी, म्हणूनच ती इतकी निर्धास्त, असे त्याने ताडले. याच थव्यांत हुबेहूब त्याच रंगांची काही निराळी फुलपाखरे मिसळलेली असत. उडत असता हा भेद बेट्सच्या सरावलेल्या डोळ्यांनाही कळत नसे!

जाळ्यात धरून पाय पाहिले, की मात्र उलगडा होई. थव्यातील बहुतेकांचे पुढचे दोन पाय खुरटलेले असत. ती चारच पायांवर चालत. त्या पाहुण्यांचे सहाही पाय पूर्ण वाढलेले असत. ती मुळी पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या कुळातील होती.

असे का व्हावे? पंखांचा रंग पक्ष्यांना फसवून जीव वाचवितो. म्हणून तो पिढ्यानुपिढ्या बदलत परक्याच्या रूपाशी जुळू शकतो. पायांना हे सोंग घेण्याचे कारण पडत नाही. उडत्या फुलपाखराचे पाय कोणता पक्षी न्याहाळतो? बेट्सने ही मीमांसा १८६२ साली प्रसिद्ध केली. आज पेशींतील आनुवंशिक द्रव्य तपासून नाती ठरवितात. त्या कसोटीवरही ही दोन कुळे वेगळीच ठरली आहेत.