बंद खोलीतला शब्द
(त्रिशंकू : लेखांक ९)

या आठवड्यात १९७८ च्या पुलोदची (पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारची) हकीगत सांगायची होती. ती पुढच्या आठवड्यावर टाकतो, कारण राजापूर तालुक्यातल्या एका वाचकांनी गेल्या लेखांकावर विचारलेला प्रश्न बाजूला ठेवण्यासारखा नाही. मे २०१० मध्ये ब्रिटनच्या निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नाही, तेव्हाच्या पाच दिवसांतल्या लोकांच्या अस्वस्थतेबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर ते विचारतात : २०१९ साली सरकार बनत नव्हतं म्हणून आपल्याकडे महिनाभर लोक चिडलेले होते, त्या चिडण्याला काही अर्थ होता का? आणि लोकांनी एकाच पक्षाला नीट कौल दिला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं, मग दोष मतदाराचाच नाही का?

दोष मतदाराचा नाही, हे आधी निकालात काढू. त्रिशंकू विधानसभेला मत देण्याची सोयच मतदानयंत्रात नसते. मतदार आपल्या मतदारसंघापुरता एक माणूस निवडतो, आणि तो निकाल बहुतेक ठिकाणी अगदी स्पष्ट असतो. २०१९ ला रत्नागिरी जिल्ह्यातल्या पाच जागांपैकी दापोली, गुहागर, रत्नागिरी आणि राजापूर शिवसेनेला मिळाल्या, चिपळूण राष्ट्रवादीला. या पाचांतल्या एकाही ठिकाणी मतदार गोंधळलेला नव्हता. असे २८८ स्पष्ट निकाल एकत्र केल्यावर भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४ आणि काँग्रेस ४४ अशी बेरीज झाली. ही बेरीज कुणी ठरवून केलेली नव्हती. म्हणूनच ‘लोक गोंधळले’ हे जसं मला पटत नाही, तसंच निकालानंतरच्या अग्रलेखांतलं ‘जनता शहाणी, तिने सगळ्यांनाच धडा शिकवला’ हेही पटत नाही. दोन्हींत एकच चूक आहे : कोट्यवधी मतदारांना मिळून एक डोकं आहे असं धरून चालायचं. २०१४ ला चार मोठे पक्ष वेगवेगळे लढले, भाजपला सुमारे २८ टक्के मतं मिळाली आणि १२२ जागा. उरलेल्या ७२ टक्क्यांनी भाजप नको म्हणून एकत्र बसून काही ठरवलं नव्हतं, आणि २८ टक्क्यांनीही १२२ वरच थांबायचं ठरवलं नव्हतं.

शिवाय महाराष्ट्रात हा अपवाद नाही, नेहमीचीच परिस्थिती आहे. एका पक्षाला स्वबळावर बहुमताचा १४५ चा आकडा गाठता आला तो शेवटचा १९८५ मध्ये. काँग्रेसला तेव्हा १६१ जागा होत्या. १९९० ला काँग्रेस १४१ वर अडली. १९९५ ला शिवसेना ७३ आणि भाजप ६५, म्हणजे युती मिळूनही १३८; सरकार आलं ते अपक्षांच्या आधाराने. २००९ ला तर काँग्रेस ८२ आणि राष्ट्रवादी ६२ मिळून १४४ झाले, नेमका एक कमी. २०२४ ला एवढी लाट आली तरी भाजपचे स्वतःचे १३२ च होते. जवळजवळ चाळीस वर्षं जे घडतं आहे त्याला दर वेळी आपत्ती म्हणण्यात अर्थ नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो वेळेचा. निकाल अधांतरी लागला की राज्य खोळंबतं, असं म्हणतात. तारखा मात्र वेगळं सांगतात. २००४ ला निकाल १६ ऑक्टोबरला लागला आणि विलासराव देशमुखांचा शपथविधी १ नोव्हेंबरला झाला. २००९ ला निकाल २२ ऑक्टोबरचा, शपथविधी ७ नोव्हेंबरचा. या दोन्ही वेळा सरकार कुणाचं येणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती. दिवस गेले ते खाती आणि पदं वाटण्यात. २०२४ ला महायुतीला दोनशे तीसच्या आसपास जागा मिळाल्या, इतका एकतर्फी निकाल राज्याने क्वचितच पाहिला असेल, तरी २३ नोव्हेंबरच्या निकालानंतर शपथविधीला ५ डिसेंबर उजाडला. आणि ब्रिटनमध्ये, जिथे खरोखरच कुणाकडे बहुमत नव्हतं, तिथे ६ मेला मतदान होऊन ११ मेला नवे पंतप्रधान कामाला लागले. उशीर त्रिशंकू निकालाने होतो म्हणावं तर हे आकडे जुळत नाहीत. उशीर वाटाघाटींनी होतो, आणि वाटाघाटी किती लांबतील हे आधी काय ठरलं होतं यावर अवलंबून असतं.

तरीही २०१९ चा राग पोकळ होता असं मी म्हणणार नाही. त्या ऑक्टोबरच्या शेवटी क्यार वादळ कोकण किनाऱ्यासमोरून गेलं आणि ऐन कापणीत पाऊस कोसळला. कापून पसरलेला भात खाचरातच भिजला, उभा होता तो आडवा झाला आणि पाण्यात पडलेल्या लोंब्यांना कोंब फुटले. पंचनामे झाले, तलाठी आणि कृषी सहायक बांधावर आले, म्हणजे प्रशासन थांबलं नव्हतं. पण मदत किती द्यायची हा निर्णय घेऊन त्याचा जाब देणारा मंत्री कुणी नव्हता. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली आणि १६ तारखेला राज्यपालांनी मदत जाहीर केली : खरिपाच्या पिकांना हेक्टरी ८ हजार रुपये, दोन हेक्टरपर्यंत. सरकार हेक्टरात हिशोब करतं, आपल्याकडे तो गुंठ्यात होतो. गुंठ्यामागे जेमतेम ८० रुपये झाले. दहा-पंधरा गुंठ्यांच्या खाचरावर वर्षाचा तांदूळ काढणाऱ्या घराला त्यात एका माणसाची आठवड्याची मजुरी भागवणंही अवघड होतं. या आकड्यावर विधानसभेत भांडायला आमदार निवडून आले होते, पण विधानसभा भरतच नव्हती. हा राग रास्तच होता. प्रश्न एवढाच, की तो कुणावर काढायचा.

माझ्या मते तो निकालावर काढू नये, मतदानापूर्वी दिलेल्या आणि कुठेही न लिहिलेल्या शब्दावर काढावा. या लेखांकात मला एवढंच पटवून द्यायचं आहे. त्यासाठी पुन्हा आपल्याच जिल्ह्याकडे बघा. भाजप-शिवसेनेच्या २०१९ च्या युतीत रत्नागिरी जिल्ह्यातल्या पाचही जागा लढवायला शिवसेनेकडे होत्या. म्हणजे भाजपच्या मतदाराला मतदानयंत्रावर कमळ दिसलंच नाही. त्याने युतीखातर धनुष्यबाणाचं बटण दाबलं. महिन्याभरात तोच धनुष्यबाण दोन्ही काँग्रेसबरोबर सरकारात गेला. तिकडे चिपळूणमध्ये शिवसेनेला हरवून घड्याळ निवडणारा मतदार, आणि इकडे घड्याळाला हरवणारा शेजारच्या गुहागरचा मतदार, दोघांचे आमदार एकाच बाकावर आले. फसवणुकीची भावना दोन्हीकडे होती आणि ती खरी होती. मग युती मोडली कुणी? फेब्रुवारी २०१९ मध्ये युती जाहीर झाली तेव्हा पदं आणि जबाबदाऱ्या समान वाटून घेण्याची भाषा झाली होती. त्यात मुख्यमंत्रिपद येतं असं शिवसेनेचं म्हणणं, आणि तसं कधी ठरलंच नव्हतं असं भाजपचं. मातोश्रीवर बंद खोलीत बोलणी झाली एवढं सगळे मान्य करतात. काय बोलणं झालं याचा कागद नाही. ज्या कराराच्या भरवशावर कोट्यवधी लोकांनी मत दिलं तो करार एकाही मतदाराने वाचलेला नव्हता, कारण तो वाचता येईल अशा रूपात कधी आलाच नाही. दोघांतलं खरं कोण हे ठरवण्याचं साधनच मतदाराच्या हाती नव्हतं, आणि ते तसं ठेवणं दोन्ही पक्षांना सोयीचं होतं.

आता ब्रिटनशी ताडून बघा. २०१० च्या प्रचारातच लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे निक क्लेग यांनी सांगून ठेवलं होतं, की सर्वाधिक मतं आणि जागा मिळवणाऱ्या पक्षाला सरकार बनवण्याचा पहिला प्रयत्न करू द्यावा. निकालात हुजूर पक्ष ३०६, मजूर २५८ आणि लिबरल डेमोक्रॅट ५७ आले. क्लेग आधी हुजूर पक्षाशी बोलायला गेले, आणि ते कुणाकडे जातील याचं कोडं पडावं असं काही नव्हतं. लोक तरीही शांत नव्हते. ८ मे रोजी लंडनमध्ये त्यांच्या पक्षाची बैठक चालू असताना बाहेर निवडणूक पद्धत बदला म्हणत मोठा जमाव जमला आणि क्लेग यांना बाहेर येऊन बोलावं लागलं. मावळते पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन नवा पंतप्रधान ठरेपर्यंत पदावर राहिले, जे त्यांचं घटनात्मक कर्तव्यच होतं, तर एका मोठ्या खपाच्या वृत्तपत्राने त्यांना घर बळकावून बसलेला माणूस ठरवलं. म्हणजे निकालावर राग काढायची चूक तिकडेही झाली. पण आघाडीचा करार ठरला तो लगेच छापून लोकांसमोर आला. आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. क्लेग यांच्या उमेदवारांनी विद्यापीठांची फी वाढवण्याविरुद्ध मत देऊ अशा प्रतिज्ञेवर निवडणुकीपूर्वी सह्या केल्या होत्या, सहीच्या कागदासह फोटो काढून घेतले होते. डिसेंबर २०१० मध्ये ते सरकार फी वर्षाला ९ हजार पौंडांपर्यंत न्यायला निघालं आणि सही केलेल्यांपैकी कित्येकांनी बाजूने मत दिलं. २०१५ ला तो पक्ष ५७ वरून ८ वर आला. त्या पडझडीला इतरही कारणं होती, पण मोडलेला शब्द मतदाराला बोट ठेवून दाखवता येत होता, कारण तो कागदावर होता.

यावर कुणी म्हणेल, की ब्रिटनचं उदाहरण कशाला, लिहिलेला करारही मोडतातच. मोडतात, आणि मोडू नये असा कायदा करावा असं माझं म्हणणंही नाही. राजकारणात परिस्थिती बदलते आणि कधीकधी करार मोडणंच योग्य असतं. पण कागद असला की कुणी मोडला आणि का मोडला हे विचारता येतं. दुसरा आक्षेप असा, की शिवसेना आणि दोन्ही काँग्रेसच्या महाविकास आघाडीने तर किमान समान कार्यक्रम लिहून जाहीर केला होता. केला होता, २८ नोव्हेंबर २०१९ ला, शपथविधीच्या दिवशी. तो मतदारासाठी उपयोगाचा असता तर २१ ऑक्टोबरच्या मतदानापूर्वी यायला हवा होता. तिसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे : छोट्या पक्षाने आधीच पत्ते उघडे केले तर निकालानंतर त्याच्याकडे सौदा करायला काय उरणार? हे नुकसान खरं आहे. पण ज्या ताकदीवर तो सौदा करणार ती मतदाराने उसनी दिलेली आहे, तेव्हा ती कुठे खर्च होणार हे कळण्याचा हक्क मतदाराचा आधी.

उघड पाठिंब्यावरचं अल्पमतातलं सरकार काय करू शकतं याचा पुरावा कोकणाच्या अंगणातच आहे. १९८९ च्या लोकसभेत काँग्रेस १९७ जागांसह सर्वांत मोठा पक्ष होता, पण राजीव गांधींनी सरकार बनवायला नकार दिला. १४३ जागांच्या जनता दलाच्या विश्वनाथ प्रताप सिंग यांना भाजप आणि डाव्या पक्षांनी बाहेरून पाठिंबा दिला, तो जाहीरपणे. त्या सरकारात अर्थमंत्री झाले राजापूरचे खासदार मधू दंडवते आणि रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, सप्टेंबरमध्ये रोह्याला भूमिपूजन झालं आणि नोव्हेंबरमध्ये सरकार पडलं. भाजपने पाठिंबा काढला तोही उघडपणे, कारण सांगून. अकरा महिने टिकलेल्या त्या सरकारने दोन-दोन बहुमतांच्या काळात रखडलेलं काम मार्गी लावलं. स्थिर सरकार हवंच, पण स्थिर सरकाराशिवाय कामं होत नाहीत हे रत्नागिरीकराने तरी म्हणू नये.

उघडपणाचा हाच नियम सभागृहातही लागू करायला हवा. १२ नोव्हेंबर २०१४ ला अल्पमतातल्या भाजप सरकारने विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने जिंकला. कोण बाजूने होतं, कोण गप्प बसलं, याची नावानिशी नोंद राहिली नाही. २३ नोव्हेंबर २०१९ च्या सकाळी झालेल्या भाजप मुख्यमंत्र्यांच्या शपथविधीनंतर सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणी गुप्त मतदानाने नको, उघड घ्या आणि तिचं थेट प्रक्षेपण करा असा आदेश दिला, आणि चाचणीची वेळ येण्याआधीच सरकारने राजीनामा दिला. उघड मतमोजणी समोर दिसल्यावर तीन दिवसांत जे स्पष्ट झालं, ते बंद खोल्यांमध्ये महिनाभर झालं नव्हतं.

तेव्हा राजापूरच्या वाचकांना माझं सांगणं असं, की चिडा, पण निकाल लागायच्या आधी चिडा. पुढच्या खेपेला युतीच्या किंवा आघाडीच्या नावावर मत मागायला कुणी दारात आलं, तर मुख्यमंत्रिपद कुणाकडे, किती काळ, आणि बहुमत हुकलं तर कुणाशी बोलणार, हे लिहून सही केलेलं दाखवा म्हणून मागा. ग्रामपंचायतीच्या चौकात मागा, प्रचारसभेत मागा. कागद नाही असं उत्तर आलं, तर तेही ध्यानात ठेवून मत द्या. पुलोद पुढच्या आठवड्यात.