भाड्याचे गोदाम

मुलांनो, बाजारातले एखादे किराणा दुकान डोळ्यांसमोर आणा. समोर फळीवर डबे मांडलेले असतात. तराजू असतो. गल्ल्यावर मालक बसलेला असतो. पण सगळा माल दुकानात मावत नाही. तो मागच्या गल्लीतल्या गोदामात असतो. गिऱ्हाईक ते गोदाम कधी पाहत नाही. तरीही गोदामाला कुलूप लागले, तर दुकान फार दिवस चालत नाही.

मोबाइलमधल्या अ‍ॅपचेही असेच असते. पडद्यावर दिसते ते दुकान. तुमचे नाव, तुमचा पासवर्ड, तुम्ही पाठवलेली छायाचित्रे आणि लिहिलेला मजकूर मात्र बहुधा दूर कोठेतरी ठेवलेल्या संगणकात असतो. अशा संगणकाला सर्व्हर म्हणतात. अ‍ॅप उघडले, की ते सर्व्हरकडे माहिती मागते. सर्व्हर ती पाठवतो आणि ती तुम्हांला दिसते. सर्व्हरने उत्तर दिले नाही, तर पडद्यावरची गोल खूण नुसती फिरत राहते.

सर्व्हर सांभाळणे सोपे नाही. त्याला पैसा लागतो, जाणकार माणसे लागतात आणि रात्रंदिवस लक्ष ठेवावे लागते. म्हणून अनेक अ‍ॅपवाले हे गोदाम भाड्याने घेतात. भाड्याने देणाऱ्या मोठ्या कंपन्या आहेत. पण मालकाने गोदामच बंद करायचे ठरवले, तर काय करायचे?

ही नुसती कल्पना नाही. अमेरिकेत 2011 साली पार्स नावाची अशी एक कंपनी सुरू झाली. 2013 साली ती फेसबुकने विकत घेतली. तिची सेवा एका मर्यादेपर्यंत मोफत होती. त्यामुळे एकट्या माणसालाही थोड्या दिवसांत अ‍ॅप तयार करता येऊ लागले. लाखो अ‍ॅप पार्सच्या आधारावर उभी राहिली. मागे एवढी मोठी कंपनी आहे, मग भीती कसली, असे अनेकांना वाटले. आणि 28 जानेवारी 2016 रोजी पार्सने जाहीर केले, की एक वर्षानंतर ही सेवा बंद होईल.

लहान अ‍ॅपवाल्यांवर मोठे संकट आले. त्यांचे अ‍ॅप हजारो लोकांच्या फोनमध्ये होते. त्या लोकांची माहिती मात्र पार्सच्या गोदामात होती. ती गेली असती, तर लोकांची खाती गेली असती, हिशेब गेले असते आणि अ‍ॅपवाल्यांवरचा विश्वासही गेला असता.

पण पार्सने एकदम कुलूप लावले नाही. तिने तीन गोष्टी केल्या. पहिली, पूर्ण एक वर्षाची मुदत दिली. दुसरी, माहिती दुसरीकडे हलवण्याचे साधन दिले. तिसरी, स्वतःच्या सर्व्हरसारखेच काम करणारी एक प्रणाली सर्वांसाठी खुली केली. तिचे नाव पार्स सर्व्हर. म्हणजे मालकाने गोदाम बंद केले, पण तसेच गोदाम बांधण्याचा नकाशा भाडेकरूंच्या हाती दिला.

मग शहाण्या अ‍ॅपवाल्यांनी काय केले? त्यांचा क्रम नीट समजून घ्या.

त्यांनी प्रथम माहिती हलवली. ती मोंगोडीबी या प्रकारच्या स्वतःच्या साठ्यात नेली. येथे एक चांगली सोय होती. माहिती नव्या जागी गेल्यावरही पार्सची जुनी सेवा ठरलेल्या तारखेपर्यंत त्याच साठ्यावर काम करू शकत होती. त्यामुळे जुने अ‍ॅप वापरणारे आणि नवे अ‍ॅप वापरणारे, दोघांनाही एकच माहिती दिसत होती. काम एक दिवसही थांबवावे लागले नाही.

त्यानंतर त्यांनी स्वतःचा सर्व्हर उभा केला व तो तपासून पाहिला. छायाचित्रांसारख्या फाइली वेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या होत्या. त्या निराळ्या हलवाव्या लागल्या. हे ज्यांच्या लक्षात आले नाही, त्यांच्याकडे नावे शिल्लक राहिली असती, पण छायाचित्रे राहिली नसती.

शेवटी त्यांनी नव्या पत्त्याचे अ‍ॅप लोकांना दिले. हे काम सर्वांत अवघड होते. कारण जुने अ‍ॅप लोकांच्या फोनमध्ये होते आणि त्यात पार्सचाच पत्ता लिहिलेला होता. ज्याने नवे अ‍ॅप घेतले नाही, त्याचा फोन शेवटच्या दिवसानंतरही जुन्याच दारावर थाप मारत राहणार होता. म्हणून नवे अ‍ॅप लवकर तयार करून लोकांना ते घेण्यासाठी पुष्कळ वेळ देणे आवश्यक होते. जे अखेरच्या महिन्यात जागे झाले, त्यांच्या हाती हा वेळ उरला नाही. जानेवारी 2017 च्या अखेरीस पार्सची सेवा बंद झाली. पार्स सर्व्हर मात्र आजही वापरात आहे. जगभरातील जाणकार मिळून तो सांभाळतात.

मुलांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या अ‍ॅप तयार करतील. त्यांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गोदाम भाड्याने घेण्यापूर्वी विचारावे, की माझा माल मला परत कसा नेता येईल? ज्याचे उत्तर मिळत नाही, ते गोदाम स्वस्त असले तरी घेऊ नये. माहितीची नक्कल ठरलेल्या दिवशी दुसरीकडे काढून ठेवावी आणि ती उघडते का, हेही पाहावे. अ‍ॅपमध्ये परक्याचा पत्ता न लिहिता आपल्या नावाचा पत्ता लिहावा. मग गोदाम बदलले, तरी गिऱ्हाइकाला वाट बदलावी लागत नाही.

जे अ‍ॅप फक्त वापरतात, त्यांनाही हे लागू आहे. ऑर्कुट हे गूगलचे संकेतस्थळ भारतात फार लोकप्रिय होते. ते 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झाले. छायाचित्रे काढून घेण्यासाठी लोकांना त्यानंतरही मुदत दिलेली होती. ज्यांनी ती सूचना वाचली, त्यांची छायाचित्रे वाचली. म्हणून सेवा बंद होण्याची सूचना आली, तर ती न वाचता पुसून टाकू नका. घरात कोणाला ती समजत नसेल, तर त्यांना समजावून सांगा. महत्त्वाची छायाचित्रे दुसऱ्या जागीही ठेवा. जवळच्या माणसांचे फोन नंबर वहीत लिहून ठेवा.

करार, मुदत, तारीख, हिशेब, नक्कल हे शब्द या विषयात पुन्हा पुन्हा येतात. ते तुम्हांला नवे नाहीत. उर्दूत तुम्ही ते रोज ऐकता. आपल्या बाजारातले जुने व्यापारी याच शब्दांच्या आधारे व्यवहार सांभाळत आले. माल परक्याच्या गोदामात ठेवला, तरी त्याची यादी ते स्वतःच्या वहीत ठेवत. गोदाम आता संगणकाचे झाले आहे. वही मात्र आजही आपल्याजवळच असली पाहिजे.