केनियातील पक्षीनिरीक्षण

केनिया या पूर्व आफ्रिकेतील देशात पक्ष्यांच्या सुमारे १,१०० जातींची नोंद झाली असून पक्षीनिरीक्षणासाठी जगभरातील अभ्यासक व हौशी निरीक्षक येथे येतात. देशाचे क्षेत्रफळ सुमारे ५,८०,००० चौ. किमी. आहे, म्हणजे तो महाराष्ट्राच्या दुपटीहून किंचित लहान आहे. भारताचे क्षेत्रफळ केनियाच्या साडेपाच पटींहून अधिक असूनही भारतातील पक्षी-जातींची संख्या सुमारे १,३५० आहे. केनियाच्या या समृद्धीचे मुख्य कारण म्हणजे एकमेकांलगत असलेले भिन्न अधिवास. त्यामुळे तेथील पक्षीनिरीक्षण सहल एका अभयारण्यापुरती न राहता सरोवरे, गवताळ मैदाने, अर्धवाळवंट, वर्षावन, पर्वत आणि समुद्रकिनारा असा क्रम घेते. मात्र यांपैकी अनेक अधिवास आज लहान तुकड्यांच्या रूपानेच उरले आहेत आणि काही पक्षी केवळ त्या तुकड्यांतच आढळतात.

भौगोलिक पार्श्वभूमी

केनियातून विषुववृत्त जाते. देशाची भूमी हिंदी महासागराच्या किनाऱ्यापासून ५,१९९ मीटर उंचीच्या माउंट केनिया शिखरापर्यंत चढत गेली आहे. ग्रेट रिफ्ट व्हॅली ही प्रचंड खचदरी देशाला उत्तर-दक्षिण छेदते. पश्चिमेस काँगो खोऱ्यातील वर्षावनाशी नाते सांगणारे जंगल, उत्तरेस सोमालियाकडील कोरडी झुडपी भूमी, दक्षिणेस सव्हाना आणि पूर्वेस किनारी वने अशी चार दिशांची निसर्गसृष्टी येथे एकत्र येते. प्रत्येक सृष्टीचे पक्षी वेगळे असल्याने थोड्या अंतरावर पक्ष्यांची यादी बदलते. नोव्हेंबर १९८६ मध्ये तीन निरीक्षकांनी केनियात २४ तासांत ३४२ जाती नोंदविल्या, तो विक्रम या विविधतेमुळेच शक्य झाला.

प्रमुख अधिवास आणि त्यांतील पक्षी

खचदरीतील सरोवरे : नाकुरू, बोगोरिया आणि एलेमेंटाइटा या सरोवरांचा समूह २०११ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. या सरोवरांना समुद्राकडे जाणारी वाट नाही. बाष्पीभवनामुळे पाण्यातील क्षार साठत जातात आणि त्या अल्कधर्मी पाण्यात सूक्ष्म नील-हरित शैवाल विपुल वाढते. छोटा रोहित हा फ्लेमिंगो याच शैवालावर जगतो. शैवालातील रंगद्रव्यामुळे त्याच्या पिसांना गुलाबी छटा येते. एकाच सरोवरावर लाखो रोहित जमल्याच्या नोंदी आहेत. मात्र पूर्व आफ्रिकेतील या पक्ष्यांची वीण प्रामुख्याने टांझानियातील नेट्रॉन सरोवरावर होते. याच दरीतील नैवाशा आणि बारिंगो ही सरोवरे गोड्या पाण्याची आहेत. तेथे रोहितांच्या थव्यांऐवजी आफ्रिकी मत्स्यगरुड, पाणकावळे, बगळे व खंड्या यांचे राज्य असते. शेजारच्या दोन सरोवरांवर अगदी वेगळे पक्षी का दिसतात, याचे उत्तर पाण्याच्या रसायनात आहे.

गवताळ मैदाने : मासाई मारा हे वन्य प्राण्यांच्या स्थलांतरासाठी प्रसिद्ध असले तरी पक्षीनिरीक्षकांनाही तितकेच महत्त्वाचे आहे. लांब पायांनी गवत तुडवीत साप व सरडे शोधणारा सेक्रेटरी पक्षी येथे दिसतो. कोरी बस्टर्ड हा उडू शकणाऱ्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक असून तो आपल्याकडील माळढोकाच्याच प्रजातीतील आहे. मृत जनावरांभोवती गिधाडांच्या अनेक जाती एकत्र येतात. प्रत्येक जातीची चोच व खाण्याची रीत निराळी असते. कोणी कातडे फाडते, कोणी आतील मऊ भाग खाते, तर कोणी उरलेले तुकडे वेचते.

उत्तरेकडील शुष्क प्रदेश : साम्बुरू परिसरात एवासो न्गिरो नदीच्या काठी बाभळी व ताडवर्गीय वृक्ष आणि पलीकडे काटेरी झुडपे आहेत. येथील व्हल्चराइन गिनीफाउल या रानकोंबडीचे डोके गिधाडाप्रमाणे उघडे असून छाती गडद निळी असते. शहामृगातही फरक दिसतो. दक्षिणेकडील मासाई शहामृगाच्या नराची मान गुलाबीसर, तर येथील सोमाली शहामृगाची निळसर करडी असते. सोमाली शहामृग आता स्वतंत्र जाती मानला जातो.

काकामेगा वन आणि पपायरसची दलदल : पश्चिम केनियातील काकामेगा हे मध्य आफ्रिकेच्या वर्षावनाचा पूर्वेकडे उरलेला तुकडा मानले जाते. ग्रेट ब्ल्यू तुराको हा सुमारे ७५ सेंमी. लांबीचा निळा पक्षी आणि काळा-पांढरा धनेश हे त्याचे वैशिष्ट्य होय. दाट पानोऱ्यामुळे येथे पक्षी आधी ऐकू येतो आणि नंतर दिसतो. तेथून दक्षिणेस व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी पपायरस या उंच लव्हाळ्याच्या दलदली आहेत. लाल छातीचा पपायरस गोनोलेक त्या दलदलींना बांधलेला आहे. हेच लव्हाळे चटया व टोपल्यांसाठी कापले जाते, त्यामुळे कापणीचे प्रमाण किती असावे हा तेथील माणसाच्या आणि पक्ष्याच्या दोघांच्याही उपजीविकेचा प्रश्न आहे.

पर्वतीय प्रदेश : माउंट केनिया व अबेर्डेअर पर्वतांवर उंचीनुसार वन, बांबू आणि अखेरीस उघडे माळ असे पट्टे लागतात. वरच्या पट्ट्यात राक्षसी लोबेलिया वनस्पतींच्या फुलांवर लाल तुऱ्याचा हिरवा शिंजीर येतो. आग्नेय केनियातील तैता टेकड्यांवर धुक्याच्या वनाचे लहान तुकडे उरले आहेत. तैता अॅपॅलिस आणि तैता थ्रश हे दोन पक्षी जगात फक्त याच टेकड्यांवर आढळतात.

किनारी वन आणि खाडी : अराबुको-सोकोके हे सुमारे ४२० चौ. किमी. चे वन पूर्व आफ्रिकेतील सर्वांत मोठे उरलेले किनारी शुष्क वन समजले जाते. वरवर सलग वाटणाऱ्या या वनातही मातीनुसार झाडे बदलतात. लाल मातीवरील सायनोमेट्राच्या झाडीत सोकोके स्कॉप्स आउल हे १५ ते १७ सेंमी. लांबीचे चिमुकले घुबड राहते. त्याची ओळख शास्त्राला १९६५ मध्ये झाली. पांढऱ्या वाळूवरील ब्राकीस्टेजिया वृक्षांवर क्लार्कचा विणकर हा सुगरणीचा भाऊबंद दिसतो. जवळच्या मिडा खाडीत ओहोटीच्या वेळी खारफुटीलगतच्या चिखलावर क्रॅब प्लोव्हर व इतर स्थलांतरित पक्षी चरतात.

स्थलांतर आणि भारताशी नाते

नोव्हेंबर ते एप्रिल या काळात युरोप व आशियातील पक्षी केनियात येतात अथवा तेथून पुढे दक्षिणेकडे जातात. त्साव्हो पश्चिम राष्ट्रीय उद्यानातील न्गुलिया येथे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये धुके दाटलेल्या अंधाऱ्या रात्री दिव्यांच्या प्रकाशाकडे स्थलांतरित पक्षी मोठ्या संख्येने खाली उतरतात. १९६९ पासून तेथे हे पक्षी जाळ्यांत अलगद धरून, त्यांच्या पायांत क्रमांकित कडी घालून सोडले जातात. आजवर अशा लाखो पक्ष्यांची नोंद झाली असून त्यांच्या प्रवासमार्गांचे ज्ञान या कामामुळे वाढले आहे.

मराठी वाचकाला जवळचे वाटतील असे दोन प्रवासी या मार्गावर आहेत. ईशान्य आशियात वीण करणारा अमूर ससाणा हिवाळ्याच्या तोंडावर नागालँडसह ईशान्य भारतात थांबतो, महाराष्ट्रावरून जातो, अरबी समुद्र ओलांडतो आणि केनियामार्गे दक्षिण आफ्रिकेकडे उतरतो. दुसरा आपला चातक. पावसाळ्याच्या आरंभी महाराष्ट्रासह मध्य व उत्तर भारतात दिसणारे चातक आफ्रिकेतून येतात आणि पावसानंतर तिकडेच परततात. ज्या पक्ष्याला काव्यपरंपरेने पावसाची वाट पाहणारा म्हटले, तो उरलेले महिने समुद्रापलीकडे काढतो.

सहलींचे स्वरूप

दोन ते तीन आठवड्यांच्या सहलीत सामान्यतः नैरोबी, खचदरीतील सरोवरे, काकामेगा, मासाई मारा वा साम्बुरू आणि किनारा यांचा समावेश असतो. जागा निवडताना ऋतूचाही विचार होतो. मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ असून त्या वेळी रस्ते अवघड होतात. मात्र याच काळात अनेक विणकर व विडोबर्ड यांचे नर विणीच्या पिसाऱ्यात असतात, तर एरवी त्यांना ओळखणे कठीण जाते. मैदानांत वाहनातून, तर काकामेगा व अराबुको-सोकोके येथे पायी निरीक्षण केले जाते. वनांत स्थानिक वाटाडे अत्यावश्यक ठरतात, कारण आवाजावरून पक्षी ओळखण्याचे त्यांचे कौशल्य पुस्तकातून मिळत नाही. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्षी जवळ बोलावण्याची पद्धत विणीच्या काळात त्यांना त्रासदायक ठरते, म्हणून जबाबदार निरीक्षक ती टाळतात. केनियाहून भारतात परतणाऱ्या प्रवाशाजवळ पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र असणे आवश्यक असते.

देशातील संघटित निसर्ग-अभ्यासाची परंपरा जुनी आहे. १९०९ मध्ये नैरोबीत स्थापन झालेली ईस्ट आफ्रिका नॅचरल हिस्टरी सोसायटी आज नेचर केनिया या नावाने काम करते. तिच्या बुधवारच्या सकाळच्या पक्षीनिरीक्षण फेऱ्या अनेक दशके चालू आहेत.

धोके आणि संवर्धन

केनियातील पक्ष्यांवरील संकटे अधिवासानुसार भिन्न आहेत. मागील दशकात खचदरीतील सरोवरांची पातळी लक्षणीय वाढली. नाकुरूचे पाणी त्यामुळे सौम्य होऊन शैवाल घटले आणि रोहितांचे बहुतेक थवे बोगोरियासारख्या अन्य सरोवरांकडे वळले. म्हणजे एक सरोवर राखून रोहित राखता येत नाहीत; सरोवरांची साखळीच टिकावी लागते. मैदानांत सिंह किंवा तरसांनी गुरे मारली की काही वेळा मृत जनावरावर कीटकनाशक टाकले जाते आणि ते मांस खाऊन गिधाडांचे थवेच्या थवे मरतात. भारतातील गिधाडे डायक्लोफेनॅक या गुरांच्या औषधामुळे घटली. कारणे वेगळी असली तरी दोन्हीकडे विष गुरांच्या मृतदेहातूनच पोहोचले.

संरक्षित वन पुरेसे नसते, हे क्लार्कच्या विणकराने दाखवून दिले. हा पक्षी अराबुको-सोकोकेत नियमित दिसत असे. परंतु त्याची घरटी कोठे होतात हे २०१३ पर्यंत अज्ञात होते. त्या वर्षी ती वनाबाहेर, दकाचा भागातील पावसाळी दलदलीत आढळली. किनांगोप पठारावरील शार्पचा लाँगक्लॉ तर जवळजवळ पूर्णपणे खासगी शेतजमिनीवर अवलंबून आहे. झुबकेदार गवताच्या कुरणांत राहणारा हा केनियाचा प्रदेशनिष्ठ पक्षी, कुरणे नांगरून बटाटे व गहू लावले गेल्याने संकटात आला. नेचर केनियाने तेथे काही जमीन विकत घेऊन गवत राखले आहे. परंतु उर्वरित कुरणांचे भवितव्य शेतकऱ्यांच्या हिशेबावरच ठरणार आहे.

या हिशेबात पक्षीनिरीक्षण सहलींना स्थान आहे. अराबुको-सोकोके व मिडा खाडी परिसरात आ रोशा केनिया ही संस्था पर्यटकांकडून मिळणाऱ्या उत्पन्नाचा उपयोग वनालगतच्या कुटुंबांतील मुलांच्या माध्यमिक शिक्षणाच्या शुल्कासाठी करते. ज्या कुटुंबाला शुल्क भरण्यासाठी जंगलातील लाकूड तोडून विकावे लागले असते, त्याला जंगल उभे ठेवण्याचे प्रत्यक्ष कारण मिळते. वाटाड्यांच्या रोजगारालाही हेच तत्त्व लागू पडते. सहलीतील पैसा अधिवासाशेजारी राहणाऱ्यांपर्यंत पोहोचला तरच त्या सहली संवर्धनाला उपकारक ठरतात.